पॅनेल मीटर एसएनएमपीवर आणायचे आहेत, गेटवे घ्यावा का?

रात्रपाळी_नेटवर्क (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका कारखान्यात नेटवर्क बघतो. स्विच, यूपीएस, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर असं सगळं झॅबिक्सवर (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची पद्धत) दिसतं. परवा मालकांना हौसेने तो पडदा दाखवला आणि तिथेच फसलो. "मग लाइटचे मीटरही ह्यातच आण की!" झालं.

दोन शेडमध्ये मिळून १४ पॅनेल मीटर आहेत, सगळे आरएस-४८५वर (तारांची जोडणी) मॉडबस (अशा यंत्रांची भाषा) बोलणारे. सध्या एक जण रोज सकाळी वही घेऊन फिरतो. रविवारचं रीडिंग सोमवारी, अंदाजपंचे. मॉडबसचं एसएनएमपी करून देणाऱ्या पेटीची, म्हणजे गेटवेची, दोन कोटेशनं आली आहेत. घ्यावा का? आणि महावितरणचा मेन मीटर जोडता येईल का?

कपॅसिटर_काका
मेन मीटरचा विचार डोक्यातून काढा. त्याला सील असतं. सीलशी खेळ झाला तर वीज कायदा २००३चं कलम १३५ मागे लागतं, मग हेतू वाईट नव्हता हे पटवत बसावं लागतं. मेन ब्रेकरनंतर आपला स्वतःचा चेक मीटर बसवा आणि त्याला काय हवं ते जोडा. बसवणारा माणूस इलेक्ट्रिशियनच हवा. चालू लोडवर सीटीची (मीटरसाठी प्रवाह कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी उघडी राहिली तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो, आधी शॉर्टिंग लिंक (तिची टोकं जोडणारी पट्टी) टाकायची.

एचटी (उच्चदाब) कनेक्शन असेल तर नुसते युनिट नोंदवून भागणार नाही. एप्रिल २०२०पासून बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही हिशेबात धरणारं एकक) येतं, तो रजिस्टरही (मीटरमधला आकड्याचा कप्पा) वाचा.

ओआयडीवाली
काकांशी सहमत. आता गेटवेबद्दल, जरा लांब लिहिते.

ह्या पेटीचं काम असं चालतं. ती आपल्या सवडीने एकेका मीटरला विचारते, आलेलं उत्तर स्वतःजवळ ठेवते आणि तुमच्या सर्व्हरने एसएनएमपीच्या १६१ पोर्टवर विचारलं की ठेवलेला आकडा देते. मीटरची वायर तुटली तरी कित्येक पेट्या जुनाच आकडा देत राहतात. झॅबिक्सवर सगळं हिरवंगार, पिंग उत्तम आणि मीटर मात्र शुक्रवारपासून मुका. म्हणजे उत्तर पेटी देतेय, मीटर नव्हे. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: प्रत्येक मीटरच्या संपर्काचा वेगळा ओआयडी (एसएनएमपीत एका आकड्याचा पत्ता) एमआयबीमध्ये (अशा पत्त्यांची यादी) आहे का? नसेल तर कोटेशन परत करा.

दुसरं म्हणजे एसएनएमपीला दशांश चिन्ह कळत नाही. २३०.५ व्होल्ट २३०५ म्हणून येतात, दहाने भागायचं काम तुमचं.

माझं मत: झॅबिक्स एजंट २ला (झॅबिक्सचा माहिती गोळा करणारा भाग) ५.२ आवृत्तीपासून मॉडबस थेट वाचता येतं. साधा मॉडबस टीसीपी गेटवे (मॉडबस तसंच नेटवर्कवर पाठवणारा) घ्या, रीडिंग मॉडबसने आणा. गेटवे जिवंत आहे का, त्याचं पोर्ट पडलं का, एवढं एसएनएमपीला बघू द्या. ते त्याचं खरं काम.

अवांतर: मॉडबसला पासवर्ड नावाचा प्रकारच नाही. मीटरांचा व्हीलॅन (नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) वेगळा ठेवा. एसएनएमपी व्हर्जन ३ चालवा, जुन्या व्हर्जनचा 'पब्लिक' हा ठरीव पासवर्ड तसाच सोडू नका.

तिसरी_शिफ्ट
गेटवेला इतकं वाईट म्हणू नका हो, आमच्याकडे चालू आहे. फक्त एकदा गंमत झाली. युनिटचा आकडा वॅट-अवरमध्ये (एका युनिटचे हजार) होता आणि एमआयबीत तो चिन्हासकट ३२ बिटी पूर्णांक. २१४,७४,८३,६४७ झाले की पुढचा आकडा ऋण. आमचा खप रोज ५००० युनिट, त्यामुळे चौदा महिन्यांत गाठलं. सकाळी आलेख जमिनीखाली. साहेब म्हणाले, "आपण महावितरणला वीज विकायला लागलो का?"

कपॅसिटर_काका
😂

आणि दोन शेडच्या मध्ये आरएस-४८५ची वायर ओढू नका. १२०० मीटर चालते असं पुस्तकात असतं, पण दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक आणि आषाढातला एक कडकडाट पोर्ट जाळायला पुरतो. शेडगणिक एक गेटवे ठेवा, मध्ये फायबर. मीटरही एकापुढे एक माळेत जोडा, फांद्या फोडू नका.

रात्रपाळी_नेटवर्क (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. फायबर आहेच. लाइट गेल्याचा ट्रॅप (उपकरणाने एसएनएमपीवर आपणहून पाठवलेली सूचना) येईल ना पण?

ओआयडीवाली
लाइट गेल्यावर स्विचही जाणार, मग ट्रॅप कुठल्या वाटेने येणार? गेटवे आणि स्विच यूपीएसवर घ्या. ट्रॅपची पोच येत नाही, हरवला तर हरवला. उपकरण देत असेल तर इन्फॉर्म (पोच मागणारी सूचना) वापरा.

रात्रपाळी_नेटवर्क (धागाकर्ता)
तीन आठवड्यांनी अपडेट. दोन साधे मॉडबस टीसीपी गेटवे बसवले. पहिल्या दिवशी व्होल्टेज चक्क शून्य! कच्चे रजिस्टर पाहिले तर १७२५४ आणि ०. दोन्ही मिळून एकच दशांश आकडा असतो; ही जोडी नीट क्रमाने वाचली की बरोबर २३० होतात, मी उलटी वाचत होतो. अर्धा दिवस त्यात गेला.

शेड दोनमधले तीन मीटर उत्तरच देईनात. ए आणि बी वायर अदलाबदल झाली होती. मीटरवर नावं एका अर्थाने, गेटवेवर दुसऱ्या. एकाच कंपनीचा माल नसला की असंच होतं म्हणे.

एक अडचण उरली आहे. एखादा मीटर बंद केला की बाकीच्यांचं रीडिंगही उशिरा येतं.

तिसरी_शिफ्ट
टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) १ सेकंद आणि तीन प्रयत्न असेच ठेवलेत ना? मेलेला मीटर प्रत्येक फेरीत तीन सेकंद खातो. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा, प्रयत्न एकच. ९६०० बॉडच्या वेगाला ६० रजिस्टरचं उत्तर साधारण १३० मिलिसेकंदांत येतं, पुरे होईल.

रात्रपाळी_नेटवर्क (धागाकर्ता)
केलं, सुटलं. वहीवाले काका अजून फिरतात, महिनाभर दोन्ही ताडून बघा असा मालकांचा हुकूम आहे. आतापर्यंत फरक फक्त रविवारच्या आकड्यांत सापडलाय.