टोमॅटोच्या वाफ्याला शेजार कोणाचा?

काल टोमॅटो चिरताना देठाजवळच्या भोकातून हिरवी अळी निघाली आणि आजोळचे परस आठवले. आजी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावत असे. तो दसऱ्याच्या तोरणासाठीच असतो, अशी आमची समजूत होती. रोज सकाळी ती झेंडूच्या कळ्या बोटांनी उकलून आतल्या अळ्या राखेच्या डब्यात टाकत असे, त्याचा अर्थ मला आत्ता उमगला: झेंडू हा टोमॅटोवरची अळी आपल्याकडे ओढणारा सापळा होता. आपले अनुभव कृपया लिहावेत.

—
मी झेंडू आणि टोमॅटो एकाच दिवशी लावले आणि निम्मी फळे अळीने पोखरली, कारण टोमॅटो फुलावर आला तेव्हा झेंडूला कळीही नव्हती. पुढच्या वर्षी उंच आफ्रिकन झेंडूची 40 दिवसांची रोपे टोमॅटोच्या 25 दिवसांच्या रोपांबरोबर लावली. दोघे एकदमच फुलले आणि या अळीच्या पतंगांनी बरीचशी अंडी झेंडूवर घातली.

—
झेंडूने मुळांवरच्या गाठीही जातात, असे ऐकून मी चार कोपऱ्यांत चार झाडे लावली होती. या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींना, त्याचे काहीही वाटले नाही. त्यासाठी टोमॅटोच्या आधी दोन-अडीच महिने अख्ख्या वाफ्यात दाट झेंडू घ्यावा लागतो, हे उशिरा कळले. शेजारी वांगी लावण्याची चूकही मीच केली होती. एकाच कुळातली असल्याने त्यांची दुखणीही बरीचशी एकच असतात.

—
मी गच्चीवर टोमॅटोजवळची कोथिंबीर मुद्दाम फुलू देते, कारण त्या फुलांवर किडी खाणारे मित्रकीटक येतात. सासूबाईंच्या मते मात्र ही कोथिंबिरीची नासाडी आहे आणि जुडीचा भाव त्या मला रोज ऐकवतात.

—
तुळस शेजारी लावल्याने टोमॅटोची चव सुधारते, हे मला तरी जाणवले नाही. मंजिऱ्यांवर मधमाश्या भरपूर येतात, पण टोमॅटोच्या फुलातला पराग झडण्यासाठी फूल थरथरावे लागते आणि ते काम भुंगा करतो. आमच्या गॅलरीत तो फिरकत नाही, म्हणून मीच सकाळी फुलांच्या देठांना टिचकी मारते.

—
सर्वांचे आभार. एक शंका उरते: दसऱ्याला झेंडू तोडला, तर ऐन वेळी सापळाच उठणार नाही का?

—
अर्धा तोडावा आणि तोरणात ओवण्यापूर्वी प्रत्येक फूल झटकावे. आमच्या दारावरून एकदा अळी पाहुण्यांच्या टोपीवर उतरली होती.