म्हाताऱ्या मांजरीसाठी डॉक्टरांना घरी बोलवावे का?

प्रश्न
आमची मनी १४ वर्षांची आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यामुळे दर तीन महिन्यांनी तिचे रक्त तपासावे लागते. पिंजऱ्याची कडी वाजली तरी ती दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसते, रिक्षात अखंड ओरडते आणि दवाखान्यात कुत्रा दिसला की जागेवरच लघवी करते. परत आल्यावर दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही. घरी येणारे डॉक्टर मिळाले आहेत, परंतु तपासणी दवाखान्याइतकी नीट होईल का?

उत्तर १
मी पशुवैद्यक आहे. घाबरलेल्या मांजरीची रक्तातील साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, त्यामुळे दवाखान्यातले आकडे कधीकधी फसवे असतात आणि तीच तपासणी घरी शांतपणे झाली तर अधिक विश्वासार्ह ठरते. रक्त घेणे, वजन करणे, कातडीखाली सलाईन देणे हे सारे घरी होते. क्ष-किरण तपासणी, प्राणवायू आणि शस्त्रक्रिया यांसाठी मात्र दवाखान्याला पर्याय नाही. डॉक्टर येण्याच्या तासभर आधी मनीला पलंग किंवा दिवाण नसलेल्या खोलीत ठेवा. लपलेल्या मांजरीला पाय धरून ओढून काढले, तर घरी बोलावण्याचा सारा हेतूच फसतो. येणाऱ्या व्यक्तीचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारा. कोणताही खरा डॉक्टर त्याचा राग मानणार नाही.

उत्तर २
एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमचा बोका एकदा सकाळपासून वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन कुंथत होता आणि थेंबभरही लघवी होत नव्हती. बद्धकोष्ठ असेल असे समजून आम्ही संध्याकाळी ठरलेल्या गृहभेटीची वाट पाहत बसलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, मूत्राशय चेंडूसारखे टणक लागले आणि त्यांनी आम्हाला त्याच पावली दवाखान्यात पाठवले. नळी घालावी लागली, तीन दिवस तो तिथेच होता. वाचला, पण ते वाया घालवलेले तास आमच्या पदरी आहेत. बोक्याची लघवी अडणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, फिट येणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणाचीही वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि मांजराला माणसांची पॅरासिटामॉल कदापि देऊ नये, एक गोळीही तिच्या जिवावर बेतू शकते.

उत्तर ३
म्हणूनच पिंजऱ्याची भीती घालवणे सोडू नका. तो माळ्यावर न ठेवता दार उघडे ठेवून बैठकीच्या खोलीत कायमचा असू द्या, आत तिच्या ओळखीच्या वासाचे कापड घाला आणि अधूनमधून खाऊ तिथेच द्या. आमच्या मांजरीला दीड महिना लागला.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. रक्ततपासणी घरी करायची ठरवली आहे, नोंदणी क्रमांकही विचारून घेतला. पिंजऱ्यात आईचे जुने सुती पातळ अंथरून ठेवले होते. आज दुपारी मनी पुढचे दोन पाय आत टाकून बराच वेळ ते हुंगत उभी होती.