पहिली लांबची सोलो राइड : कुठे थांबलात, का थांबलात? (अनुभव धागा)

कुठली गाडी, किती सीसी, ॲव्हरेज काय देते यावर आपलं बोलून बोलून झालंय त्यामुळे ते बाजूला ठेवू. मला ऐकायचंय ते आयुष्यातल्या पहिल्या लांबच्या एकट्याने केलेल्या राइडबद्दल, आणि त्यातही थांबण्याबद्दल. ग्रुपमध्ये पुढच्याने इंडिकेटर दिला की आपण थांबतो, त्याने पेट्रोल भरलं की आपणही भरतो, कोणीतरी "बास आता" म्हणतंच. एकट्याला ते म्हणणारं कोणी नसतं. तर कुठे थांबलात, कुठे थांबावंसं वाटूनही थांबला नाहीत, परत फिरलात का, जे असेल ते लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. मला पहिल्या दिवशी थांबताच येईना. म्हणजे गाडीचे ब्रेक चांगले होते, माझे नव्हते :) तहान लागलीय, मनगटं भरून आलीत, बुड तर कधीच बधिर झालंय, पण पुढचं वळण आलं की वाटायचं अजून दहा किलोमीटर जाऊ मग बघू, आणि ते दहा झाले की परत दहा. थांबलं की लय तुटेल अशी एक विचित्र भीती असते. शेवटी टाकीवरून नियम केला. माझ्या गाडीची टाकी १२ लिटरची, ३५ चं ॲव्हरेज धरलं तर चारशेच्या वर सहज जाते, पण माझं शरीर काही चारशे किलोमीटरचं नाही. म्हणून काटा पाऊण वर आला की पाणी आणि पाय मोकळे, अर्ध्यावर आला की हेल्मेट काढून नीट बसायचं, आणि अर्ध्याच्या खाली पेट्रोल मिळेल तिथे भरायचंच, पुढे अजून पंप असतील हे गृहीत धरायचं नाही. गाडीच्या निमित्ताने माणूस थांबतो, स्वतःसाठी थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं.

* * *

मी बाई आहे त्यामुळे थांबण्याचा विषय माझ्यासाठी जरा वेगळा आहे. गाडी चालवताना मला कधीच भीती वाटली नाही, हेल्मेट जॅकेटमध्ये आत कोण आहे हे कोणाला कळतच नाही. खरा प्रश्न गाडी उभी केली की सुरू होतो. हेल्मेट काढलं की "एकटीच?" हा प्रश्न येतो, विचारणारा दहातले नऊ वेळा निव्वळ कौतुकाने विचारतो, पण तो दहावा कुठला हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं ना. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं, "नाही, बाकीचे मागून येतायत." खोटं बोलते आणि अजिबात वाईट वाटत नाही.

जागा निवडायचं पण गणित आहे. फोटोत छान दिसणारा निर्जन कठडा मी सोडून देते. पंपाच्या आवारात, उजेडात, चार कुटुंबं बसलीयत अशा ठिकाणी थांबते, गाडी रस्त्याकडे तोंड करून लावते म्हणजे निघताना ढकलाढकली नको. मुक्कामाच्या गावी अंधार पडायच्या आत. हे सगळं वाचून कोणाला वाटेल काय हा ताप, पण दुसऱ्या दिवसापर्यंत अंगवळणी पडतं आणि मग लक्षात पण येत नाही.

आणि "बायकांना झेपेल का" वाल्यांसाठी, १९३० च्या दशकात अमेरिकेत बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय बाई एकटी मोटारसायकलवर देशभर फिरत होती, जिथे तिला कातडीच्या रंगामुळे खोली नाकारायचे तिथे ती पंपावर गाडीवरच झोपायची. एल्स्पेथ बिअर्ड १९८२ मध्ये निघाली तेव्हा लंडनला आर्किटेक्चर शिकत होती, जुन्या बीएमडब्ल्यूवर एकटीने जगाला फेरी मारून १९८४ ला परत आली. मला तिचं आवडतं ते हे की ती मध्येच सिडनीला थांबली, पैसे साठवायला काही महिने नोकरी केली आणि मग पुढे गेली. जगप्रदक्षिणेत सुद्धा थांबतात लोक. आपण दोन दिवसांच्या राइडला जीव टाकतो.

* * *

पावसाला थांबलो. भरपूर दिवस कोरडा असलेला रस्ता आणि वर पहिली सर, तेव्हा डांबरावरचं तेल, रबर, धूळ सगळं वर येतं आणि सुरुवातीची दहापंधरा मिनिटं रस्ता सगळ्यात जास्त निसरडा असतो, नंतर जोरात पडला की धुऊन निघतो. सगळे उलटं करतात, सुरुवातीला भुरभुर आहे म्हणून दामटतात आणि जोर धरला की थांबतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलावरचे लोखंडी जॉइंट यांच्यावर ओल्यात ब्रेक नको, गाडी वाकवायची पण नको. बाकी नंतर लिहितो.

* * *

वर पावसाबद्दल लिहिलंय त्याला हजारदा अनुमोदन. मी चेनवाला माणूस आहे म्हणून चेनचं लिहितो, हसायचं असेल त्यांनी हसून घ्या. पहिल्या सोलोला लगेज मागे बांधलेलं, दोन्ही बाजूला सॅडलबॅग, सीटवर एक ड्रायबॅग, आणि निघालो मस्त, दुपारी एका थांब्यावर उगाच खाली वाकून बघितलं तर चेन ढिली पडून लटकतेय, सकाळी तर नीट होती म्हणजे दिवसभरात ती एवढी ताणली कशी काय असं वाटलं, मग मॅन्युअलमध्ये दिलेलं माप आठवलं, बऱ्याचशा रोडच्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध २५ ते ३५ मिमीच्या आसपास खेळ (चेन वरखाली हलते तेवढी ढिलाई) हवा असतो, माझी त्याच्या बरीच पुढे गेली होती, नवी चेन सुरुवातीला बसते तेव्हा असं होतं. पाना होता, ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवून ताणली आणि परत आवळली.

यात शिकण्यासारखं काय तर थांबल्यावर मोबाइल काढायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. टायर, चेन, तेलाचा थेंब कुठे पडतोय का, बंजी कॉर्डचं (सामान बांधायच्या हूकवाल्या रबरी दोरीचं) टोक सुटून मागच्या चाकाजवळ लोंबतंय का (हे सगळ्यात डेंजर, चाकात गेलं की चाक जागेवर लॉक). अर्धा मिनिट लागतो. चेन लूब संध्याकाळी पोचल्या पोचल्या मारायचं, चेन गरम असताना आत नीट शिरतं आणि रात्रभरात बसतं, सकाळी मारून लगेच निघालात तर निम्मं रिमवर आणि लगेजवर उडतं. हवेचं मात्र उलटं, ती सकाळी टायर थंड असतानाच बघायची. तापलेल्या टायरला तीनचार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दिसतात आणि लोक ते बघून हवा कमी करतात, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसकं.

आणि टायर ट्यूबलेस आहे का ते घरीच बघून घ्या हो! तारांच्या चाकांना बहुतेक वेळा ट्यूब असते, तिथे ती रबरी दोरीवाली पंक्चर किट घेऊन काही उपयोग नाही.

* * *

झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून.

मला वाटायचं पेंग येते ती रात्री. दुपारी दोन ते चारच्या मध्ये पण येते, शरीराच्या घड्याळातच ती वेळ उताराची आहे, जेवला नसलात तरी. सरळ रुंद रस्ता, एकसारखा आवाज, ऊन. मला झोप येतेय असं कधी कळतच नाही, कळतं ते असं की मागचा अर्धा किलोमीटर आपण काय केलं ते आठवत नाही. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६५ मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये.

गाणी म्हणून, व्हायझर उघडून, स्वतःला चिमटे काढून झोप जात नाही. फक्त झोपून जाते. मी बसथांब्याच्या बाकावर हेल्मेट उशाला घेऊन पंधरावीस मिनिटं झोपलो, किल्ली खिशात, गजर लावून. लोक बघत होते, बघू दे. उठल्यावर लगेच गाडीवर बसू नका, पाच मिनिटं चाला, झोपेची गुंगी उतरू द्या.

कानात इअरप्लग घाला हेही याच विषयातलं. शंभरच्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पार वर जातो, दिवसभर तो ऐकून जो थकवा येतो त्याला आपण गाडी चालवल्याचा थकवा म्हणतो. प्लग घातले तरी हॉर्न ऐकू येतो, उलट जास्त स्वच्छ येतो. जिथे चालवताना प्लग घालायला बंदी आहे तिथले नियम तेवढे बघून घ्या.

* * *

मी गाडी चालवत नाही. माझी लेक चालवते. तुम्ही सगळे थांबलात तेव्हा घरी काय चालू असतं ते सांगते.

तिने लाइव्ह लोकेशन दिलं होतं. मला वाटलं आता काळजी मिटली. कसली मिटते, तो निळा ठिपका एका जागी थांबला की मी उभी. घाटात रेंज गेली की ठिपका तिथेच गोठतो हे मला माहीत नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. चाळीस मिनिटं तो हलला नाही आणि मी तेवढ्यात तिला इतक्या वेळा फोन केला की रेंजमध्ये आल्या आल्या तिचा फोन खणखणायला लागला, ती घाबरून कडेला थांबली की घरी काय झालं! म्हणजे माझ्या काळजीमुळे ती वळणावर भलत्याच जागी उभी राहिली.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. ती प्रत्येक थांब्यावर एकच शब्द पाठवणार, "थांबले" आणि निघताना "निघाले". मी चालत्या गाडीवर फोन करणार नाही. आणि रात्री अमुक वाजेपर्यंत पोचल्याचा निरोप आला नाही तर मी आधी कोणाला फोन लावायचा, मुक्कामाच्या ठिकाणाचा नंबर काय, गाडीचा नंबर काय हे एका कागदावर लिहून फ्रिजला लावलेलं. तो कागद आल्यापासून मी रात्री जेवते तरी. तुमच्या घरच्यांना "काळजी करू नका" म्हणू नका, त्यांना काहीतरी काम द्या.

* * *

वरच्या काकूंना नमस्कार. आईला वाचायला दिलं, तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

माझा अनुभव परत फिरल्याचा. घाट चढताना धुकं, मग वारा, कडेने येणारा, मोकळ्या वळणावर गाडी अर्धी लेन बाजूला सरकवणारा. वाऱ्याचं एक आहे, सतत असेल तर माणूस गाडी कलती ठेवून जुळवून घेतो, ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलं की जो फटका बसतो तो वाईट. हँडल घट्ट धरलं की अजून डुलते, हात सैल आणि गुडघे टाकीला घट्ट असं करायचं. ते करत होतो, जमत होतं. तरी वर पोचायला तासभर होता आणि अंधार पडायला पण तासभर, आणि उतार पलीकडे.

लो बीमचा (हेडलाइटच्या खालच्या झोताचा) उजेड नीट पडतो तो साधारण पन्नासेक मीटर. ८० च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर सुद्धा बघून, ब्रेक दाबून थांबेपर्यंत ५५-६० मीटर जातात. म्हणजे अंधारात त्या स्पीडला जे दिसतं ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. धुक्यात तर विचारूच नका. वळलो, खालच्या गावात राहिलो.

मला याचं वाईट वाटलं होतं, खरं सांगतो. पुढचं बुकिंग गेलं, पैसे गेले, स्टेटसला टाकलेलं सगळीकडे. सकाळी स्वच्छ उन्हात तोच घाट चढलो तर कालच्या वळणावर दरड आलेली वगैरे असलं काही सिनेमासारखं नव्हतं. काहीच नव्हतं. कदाचित रात्री गेलो असतो तरी नीट पोचलो असतो. तरीही परत तसंच करेन. बरोबर होतं हे सिद्ध व्हायला अपघात व्हायलाच हवा असं थोडीच आहे.

* * *

एका दिवसात किती किमी मारले हे विचारणाऱ्यांसाठी. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन २४ तासांत १००० मैल, म्हणजे साधारण १६१० किमी, केल्याचं प्रमाणपत्र देते. ते करणारे लोक थांबे मिनिटावर आखतात, पावत्या जपून ठेवतात, वर्षानुवर्षं तयारी करतात. तो वेगळा खेळ आहे आणि मला त्याचा आदरच आहे. पहिल्या सोलोला त्याचा काही संबंध नाही. पहिल्या वेळी तीनशे पुष्कळ झाले, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून कमी ठेवा कारण थकवा साठत जातो, रात्रीच्या झोपेने सगळा उतरत नाही.

* * *

थंडीचं राहिलं. १० अंशाला ८० ने चालवलं तर वाऱ्यामुळे अंगाला चार-पाच अंशासारखं लागतं. आधी बोटं जातात. क्लच ओढायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं की थांबून इंजिनजवळ हात शेकायचे, दुखेपर्यंत वाट बघायची नाही. आणि प्रचंड उन्हाळ्यात जॅकेट काढायचं नाही, कातडीपेक्षा हवा गरम असेल तर वारा अंग थंड करत नाही, तापवतो, आणि घाम दिसायच्या आधीच वाळतो म्हणून पाणी कमी झाल्याचं कळत नाही. लघवीचा रंग बघा. गडद असेल तर निघू नका.

* * *

सगळं वाचून काढलं. माझी पहिली सोलो पुढच्या आठवड्यात आहे, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, सामानाची यादी तयार आहे. अजून काय करू?

* * *

सर्व्हिसिंग करून गाडी आली की तशीच घेऊन निघू नका. सगळं लगेज बांधा, अगदी पाण्याच्या बाटल्यांसकट, आणि घराजवळच शंभरेक किमी फिरून या. मागे वजन आलं की ब्रेक, वळण, यू टर्न सगळं बदलतं, हेडलाइट वर जातो तो खाली करून घ्या, मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण) वाढवा, लोड असताना किती हवा ते स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरवर लिहिलेलं असतं तेवढी भरा. नवे बूट, नवे ग्लोव्हज पण याच दिवशी घालून बघा. आणि सामानाची यादी टाका इथे, त्यातलं निम्मं आम्ही काढून टाकतो.