मार्चमधली पक्षीफेरी: वेताळ टेकडी की कवडीपाट?

मुठाकाठ:
मंडळी, पुण्यातल्या आमच्या भागातल्या पक्षी क्लबची फेरी मार्चच्या दुसऱ्या रविवारी आहे. वीस नावं आली आहेत, त्यातले निम्मे पहिल्यांदाच येणार. काही जण कवडीपाटच्या पाणथळीला चला म्हणतात, काही वेताळ टेकडीला. दुर्बिणी सगळ्या मिळून आठ. एवढ्या लोकांना घेऊन कुठे जावं, किती चालावं, आणि नोंदी नीट कशा ठेवाव्यात?

पळसबन:
टेकडीच. पण तिथे चालायला जाऊ नका, झाडाखाली थांबायला जा. मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर यांतलं एखादं झाड भरून फुललेलं असतं आणि पक्षी तिथे आपणहून येतात. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची दाट लागवड आहे, तिच्यातून तीन किलोमीटर तंगडतोड केली तर बुलबुलापलीकडे फारसं हाती लागत नाही. तेवढाच वेळ एका पळसापाशी दिला तर जांभळा शिंजीर, चष्मेवाला, हळद्या, भांगपाडी मैना, भोरड्यांचा थवा, आणि माश्या टिपायला आलेला राखी कोतवाल, एवढं मिळण्याची चांगली शक्यता असते. भोरड्या तर एप्रिलमध्ये परत जातात, त्या आत्ताच बघून घ्या.

झाड निवडताना उजेड पाहा. सकाळी झाडाच्या पूर्वेला उभं राहायचं, तोंड पश्चिमेकडे, म्हणजे ऊन पाठीवर येतं. उलट बाजूला थांबलात तर पांढुरक्या आभाळावर सगळेच पक्षी काळे दिसतात आणि नवख्यांचा उत्साह पहिल्या पंधरा मिनिटांत मावळतो. उतारावरचं झाड मिळालं तर फारच छान. वरच्या अंगाला उभं राहिलं की शेंडा डोळ्यांच्या पातळीत येतो आणि मान अवघडत नाही. बुंध्यापासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा.

वीस जण एका झाडाला जास्त होतात. दहा-दहाचे दोन गट करा, दोन झाडं हेरून ठेवा, चाळीस मिनिटांनी अदलाबदल. त्या सुमाराला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणून साडेसहाला जमायचं. साडेनऊला आवरतं घ्या. पुढे ऊन चढतं आणि झाडावरची गर्दी ओसरते.

शेकाट्या:
पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी मी पाणथळीचीही बाजू मांडतो. तिथले पक्षी मोठे असतात, उघड्यावर बसतात, पळत नाहीत. मार्चमध्ये बदकं बरीचशी निघून गेलेली असतात हे खरं, पण थोडे चक्रवाक असतात, शेकाटे असतात, आणि परतीच्या आधी पिवळा धोबी विणीच्या रंगात येतो. जानेवारीतला मळकट धोबी आणि मार्चमधला पिवळाधमक धोबी शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत हे सांगून पटत नाही. मात्र तिथे तिवईवरची मोठी दुर्बीण हवी. ती नसेल तर पळसबन म्हणतात ते बरोबर, टेकडीच निवडा.

दुर्बिणींबद्दल. निघण्याआधी दहा मिनिटं त्या जुळवण्यात घाला, नाहीतर अर्धे लोक दिवसभर धुरकट बघत राहतील आणि बोलणार नाहीत. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने दूरची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावा मिटा, चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत वळवा किंवा दुमडा. दोघांत एक दुर्बीण असेल तर कडीचा आकडा दोघांनी आपापला लक्षात ठेवावा. झाडाखाली आठपट मोठं दाखवणारी (८x४२) बरी, दहापट (१०x) हातात हलते आणि तिच्यात दिसणारा भागही सहसा लहान असतो.

पक्षी दुर्बिणीतून शोधायचा नाही. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणा.

नोंदवही:
ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर गटाची यादी एकानेच करावी आणि बाकीच्यांना शेअर करावी. दहा जणांनी दहा याद्या भरल्या तर एकच हळद्या दहा वेळा नोंदला जातो. प्रत्येक थांब्याची वेगळी यादी. ओळखू आलेली प्रत्येक जात लिहा, कावळा-साळुंकीसकट, तरच ती पूर्ण यादी.

फुललेल्या झाडावर मोजणी हमखास चुकते, कारण तोच शिंजीर दर पाच मिनिटांनी परत येतो. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा धरा, बेरीज करू नका. भोरड्यांचा थवा असेल तर आधी दहा मोजा, तेवढे दहा किती जागा व्यापतात ते पाहा आणि त्या मापाने पुढे जा.

मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाजावरून नाव दाखवलं म्हणून लगेच यादीत घालू नका. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो, पर्णपक्षी तर एकामागून एक पाच-सहा जणांचे आवाज काढतो. पक्षी दिसला पाहिजे. कोतवालातही गोंधळ होतो: चोचीच्या कोपऱ्याशी पांढरा ठिपका असेल तर काळा कोतवाल, डोळा लालभडक आणि अंग राखी असेल तर राखी कोतवाल.

मुठाकाठ:
टेकडी नक्की केली. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ आणायचा का? आणि मुलं आहेत, काय जपावं?

पळसबन:
आवाज अजिबात वाजवू नका. हा अनेकांचा विणीचा काळ आहे, नर प्रतिस्पर्धी आला असं समजून घरटं सोडून धावत येतो. तांबट पक्षी याच दिवसांत वठलेल्या फांदीला खालच्या बाजूने भोक पाडतो. फांदीखाली ताजा भुसा दिसला की वर ढोली आहे असं समजा आणि लांबच थांबा. चोचीत खाऊ धरलेला पक्षी दोन-तीन मिनिटं आत न जाता इकडेतिकडे बघत बसला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

थांबण्याआधी शेंड्याकडे नीट पाहा. उंच काटेसावरीवर आग्या मोहोळ असू शकतं. असेल तर ते झाड सोडा. सेंट, अत्तर, उग्र वासाचं तेल लावून येऊ नका असं निरोपातच लिहा. माशा उठल्या तर हातवारे करायचे नाहीत, तोंड झाकून सरळ लांब पळायचं. माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या येतात. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, मातकट रंगाचे कपडे.

शुक्रवारी एकदा झाड बघून या. खाली ताजी फुलं पडलेली हवीत. नुसती वाळलेली असतील तर बहर संपला, मग वड, पिंपळ किंवा उंबर शोधा, पिकलेल्या फळांचा. तिथे हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, मिळू शकतो. तो पानांत इतका निश्चल बसतो की पंधरा जणांचा थवा डोक्यावर असूनही कळत नाही. पानांत बघत बसू नका, फळ कुठून खाली पडतंय ते पाहा आणि त्याच जागी दुर्बीण लावा.