लांब मराठी लेखात एच२, एच३, एच४ सगळे सारखेच दिसतात

बखरकार
किल्ल्यांच्या बांधणीवर चार-पाच हजार शब्दांचे लेख आहेत. हेडिंगच्या पातळ्या अशा: एच२ म्हणजे किल्ला, त्याखाली एच३ म्हणजे दरवाजे, तटबंदी, पाण्याची टाकी, आणि एच४ म्हणजे एकेक दरवाजा. साइट वर्डप्रेसवर, मजकूर १८ पिक्सेल. हेडिंगं अनुक्रमे २४, २१, १८ पिक्सेल, वजन (अक्षराची जाडी) ७००, ६००, ५००. मोबाइलवर एच२ कुठला आणि एच३ कुठला ते कळत नाही, एच४ तर मजकुरातच विरघळतं. एच३ला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जास्तीची जागा) देऊन पाहिलं तर शिरोरेषाच तुटली. पानावर रंगपंचमी करायची नाही. काय बदलू?

काना_मात्रा
आधी फॉन्ट तपासा. थीमचा फॉन्ट फक्त रोमन लिपीचा असेल, तर मराठी अक्षरं वाचकाच्या यंत्रातल्या फॉन्टमधून येतात. विंडोजवरच्या निर्मला यूआयमध्ये साध्याच्या वर थेट ठळकच आहे, मधलं काही नाही. मग ब्राउझर ६०० मागितलं की ७०० देतो आणि ५०० मागितलं की ४००. म्हणजे तुमचं एच३ हे एच२इतकंच जाड आणि एच४ मजकुराइतकंच बारीक. विरघळतं ते यामुळेच.

मुक्ता हा फॉन्ट घ्या, त्यात २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत. सगळी लोड करू नका, ४००, ६०० आणि ८०० पुरतात. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मजकुराला देखणा आहे, पण त्यात ठळक वजन नाही. तो हेडिंगला लावून ठळक केलात तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ष, ध, भ यांच्या पोटातल्या जागा बुजतात.

लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. रोमनमध्ये पातळ्या दाखवायला कॅपिटल अक्षरं आणि मोकळी अक्षरं चालतात, आपल्याकडे दोन्ही नाहीत. तिरपं करणंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं तिरपं वळण नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करून दाखवतो. आपल्या हाती उरतं ते आकार, वजन आणि मोकळी जागा.

ओळअंतर
वजनाचं पटलं. आता आकार. २४ आणि २१ यांत जेमतेम सातव्या हिश्श्याचा फरक आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर दिसेल, पण लेखात त्यांच्यामध्ये तीन स्क्रीन मजकूर असतो. एका पातळीपासून दुसरी साधारण सव्वापट हवी. १८च्या मजकुराला एच२ ३२, एच३ २४, एच४ १९ ठेवा. वजन एच२ला ८००, बाकी दोघांना ६००. एच४ला मजकुराच्या सव्वापट आकार मिळत नाही, तिथे वजन काम करतं. मोबाइलवर ३२ फार होतं, "दरवाजांची रचना आणि संरक्षण" एवढ्यानेच दोन-तीन ओळी खाल्ल्या जातील. तिथे २७, २२, १८.

पण खरा फरक पडतो मोकळ्या जागेने, आणि तिकडे कोणी बघत नाही. ब्राउझरचे मूळ आकडे घ्या: मजकूर १६ असताना एच२च्या वर साधारण २० पिक्सेल, एच३च्या वर १९, एच४च्या वर २१. सर्वांत धाकट्याला सर्वांत जास्त जागा! शिवाय वर आणि खाली सारखीच, त्यामुळे हेडिंग दोन परिच्छेदांच्या मध्ये लोंबकळतं. मी असं देईन: एच२ वर ५६, खाली १६, एच३ वर ३६, खाली १०, एच४ वर २४, खाली ४. मापं रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकारावर मोजलेल्या एककात) लिहा. एममध्ये लिहिलीत तर ती त्या-त्या हेडिंगच्या आकारावर मोजली जातात आणि हिशोब पुन्हा बिघडतो.

वर्डप्रेसची एक खोड आहे. ब्लॉक थीम प्रत्येक ब्लॉकला वरून जागा देते, बहुधा २४ पिक्सेलच्या आसपास. दोन मार्जिन (वरखालच्या मोकळ्या जागा) एकमेकांत मिसळतात आणि मोठं टिकतं, म्हणून एच४खाली ४ दिलेत तरी दिसतील २४च. हेडिंगच्या लगेच पुढच्या परिच्छेदाचं वरचं मार्जिन शून्य करा. एच२च्या लगेच खाली एच३ आलं तर त्याचे ३६ कमी करून १२ करा, नाहीतर मध्ये भगदाड दिसतं.

काना_मात्रा
ओळीची उंची राहिली. इंग्रजी थीम हेडिंगला १.१ किंवा १.२ देतात. मराठीत वरच्या ओळीत "सृष्टी" आणि बरोबर तिच्याखाली "कीर्ती" आली की ऋकार आणि खालची वेलांटी एकमेकांत घुसतात. १.४ द्या.

बखरकार
दोघांचेही आभार. ७०० काढून मुक्ता ८०० लावला, फरक लगेच दिसला. एच२खाली रेघ द्यावी का? आणि एच४ला रंग चालेल का?

ओळअंतर
रेघ द्यायचीच तर एच२च्या वर द्या, बॉर्डर म्हणून, १ पिक्सेल फिकट करडी. खाली दिलेली रेघ हेडिंगला त्याच्याच मजकुरापासून तोडते. अंडरलाइन तर नकोच, ती उकारांना छेदते किंवा त्यांच्यापाशी तुटते.

रंग एकच, तोही फक्त एच४ला. ठळक अक्षर साधारण १८.७ पिक्सेलच्या पुढे गेलं की ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण) चालतो, त्याखाली ४.५:१ लागतो. तुमचं एच४ मोबाइलवर १८ होणार, म्हणजे ४.५ धरूनच चाला. पांढऱ्यावर भगवा त्यात बसत नाही. गडद विटकरी किंवा गडद निळा घ्या.

टाकटोक
एक जोड. किल्ला, भाग, दरवाजा अशी रचना ठरलेली आहे, तर सीएसएस काउंटरने (हेडिंगं आपोआप मोजणाऱ्या सोयीने) आकडे घाला: २, २.१, २.१.३. काउंटरची शैली देवनागरी ठेवता येते, आकडे मराठीतच येतात. आकडे हाताने टाइप करू नका, मधला एक किल्ला काढलात की पुढचे सगळे चुकतात. एच२चा काउंटर लेखाच्या वेष्टनावर रीसेट करा, एच३चा एच२वर, एच४चा एच३वर. हा शेवटचा रीसेट विसरला आणि आधीच्या एच३खाली तीन एच४ असतील, तर पुढच्या एच३खाली मोजणी ४पासून सुरू होते.