मदत हवी आहे: संगीतात पदवी घेतलेल्यांचं पुढे काय झालं?

नमस्कार, ऐरोलीहून लिहितेय. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, 78 टक्के. चौथीपासून ठाण्याला नौपाड्यात गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'विशारद पूर्ण' ही गाण्याची परीक्षा नुकतीच दिली. आता तिला पुण्याला ललित कला केंद्रात बी.ए. करायचंय. पुणे विद्यापीठाचा हा विभाग 1987 पासून आहे, गुरुकुल म्हणून ओळखला जातो. तिने फॉर्म भरायचं मनाशी पक्कं केलंय. माझी ना नाही. नवऱ्याची आहे.

तो गाण्याच्या विरोधात नाही. पहाटे तिचा तानपुरा लावून ठेवतो तोच. पण म्हणाला, "ज्यांनी संगीतातच पदवी घेतली आणि ज्यांचं आज नीट चाललंय अशी दहा माणसं दाखव, मी स्वतः पुण्याला सोडून येतो."

वही घेऊन बसले. एकेका मोठ्या नावापाशी अडत गेले. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. अश्विनीताई भिडे-देशपांडे मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., शिवाय भाभा अणुसंशोधन केंद्रातून पीएच.डी. शंकर महादेवन तर आपल्या नेरूळच्या रामराव आदिकमधून कॉम्प्युटर इंजिनीअर झालेले. महेश काळे, तेही इंजिनीअर. नवऱ्याने वही पाहिली आणि म्हणाला, "बघ, सगळ्यांनी आधी पोटापाण्याचं शिकून घेतलं." त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर वाटलं, मी चुकीची माणसं शोधत होते. प्रभाताईंनी पुढे सरगमवर संशोधन करून संगीतातच डॉक्टरेट मिळवली आणि 1979 पासून बरीच वर्षं एसएनडीटी महिला विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे सरांनी मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र उभं केलं. या वर्गांतून वर्षानुवर्षं मुलं-मुली पास होऊन बाहेर पडल्या. त्या सगळ्या आज कुठे आहेत? त्यांच्यावर पेपरात काही येत नाही. कोणी शाळेत शिकवत असेल, कोणी आकाशवाणीवर गात असेल, कोणाचं लग्नानंतर सुटलं असेल. मला ही सगळी माणसं हवी आहेत, सुटलेलीसुद्धा.

तिचे गुरुजी स्वतः एम.ए. संगीत. दुपारपर्यंत शाळा, संध्याकाळी शिकवण्या, गणपती-नवरात्रात पेटीच्या साथीला बाहेर. ते म्हणतात, शाळेची नोकरी एम.ए.मुळे लागली, गाणं मात्र गुरूंकडेच झालं. घर चालतं, दोन्ही मुलं शिकली. माझ्या लेखी ही मोठी कमाई आहे, पण एकाच माणसावरून लेकीचं ठरवायला धीर होत नाही.

तेव्हा कृपया सांगा, कुठून शिकलात, कधी पास झालात, आज काय करता आणि घर त्यावर चालतं का. आकडे सांगायचे नसतील तर नका सांगू. बी.कॉम. करून, गाणं चालू ठेवून मग एम.ए. संगीत केलेलं कोणी असेल तर त्यांचंही ऐकायचंय. आमच्या घरी तोच दुसरा पर्याय आहे.

घणसोलीकर:
ताई, माझी धाकटी बहीण एसएनडीटीची एम.ए. संगीत. केंद्रीय विद्यालयात संगीत शिक्षिका आहे. 2022 च्या डिसेंबरात निघालेल्या जाहिरातीत या पदाच्या 303 जागा होत्या. बारावीला किमान 50 टक्के आणि संगीतातली पदवी मागितली होती. वेतनस्तर 6, म्हणजे मूळ पगार 35,400 पासून, वर भत्ते. परीक्षा अवघड असते आणि बदली देशभर कुठेही होते. तिची पहिली नेमणूक छत्तीसगडला झाली, आई दोन महिने तिच्यासोबत राहून आली. एक लक्षात ठेवा, विशारद सगळीकडे विद्यापीठाच्या पदवीच्या जागी चालत नाही. प्रत्येक जाहिरात नीट वाचावी लागते.

खर्ज_षड्ज:
तुमचा दुसरा पर्याय मी जगलोय. कळव्याला राहतो. बी.कॉम., मग एम.ए. संगीत, दुसऱ्या प्रयत्नात नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. त्यानंतर सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि उन्हाळ्यात शून्य. हे लपवत नाही, कारण नेट झालं की प्राध्यापकी मिळते असं मलाही वाटत होतं.

पण बी.कॉम.मध्ये माझं जे गेलं ते वेगळंच. सातचं लेक्चर असायचं, पहाटेचा रियाज तिथेच बुडाला. रात्री गायला बसलो की शेजारी दार वाजवायचे. अठरा ते एकवीस या वयात आवाज घडतो, रियाज करावा तेवढा थोडा असतो, आणि मी जमाखर्च लिहीत होतो. तुमच्या लेकीला दिवसभर गाण्यातच राहायला मिळणार असेल तर माझं मत पुण्याला आहे.

कॉलेजात शिकवायला दोन वाटा आहेत. एक, 55 टक्क्यांनी एम.ए. आणि नेट, सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा पीएच.डी. दुसरी कलावंतांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत पदवी, नामवंत गुरूंकडे तालीम आणि आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ए ग्रेड असली तरी चालते, मात्र शास्त्र समजावून शिकवता आलं पाहिजे. म्हणून आकाशवाणीची ऑडिशन लवकर द्यायला सांगा. बी, बी हाय, ए, टॉप अशा पायऱ्या आहेत, वर चढायला वर्षं जातात. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्तीही बघा. 18 ते 25 वयासाठी आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं.

ऐरोलीकर आई:
दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याने शेजारी बसून सगळं वाचलं. त्याचा एकच प्रश्न आहे: त्या सहा वर्षांत घर कसं चाललं?

खर्ज_षड्ज:
बायकोच्या पगारावर आणि क्लासवर. गाण्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं येतात, दहावी झाली की निम्मी जातात. जी राहिली त्यांच्यातली एक आता स्वतः एम.ए. करतेय. गेल्या वर्षी मला बी हाय मिळाली. शिकवण्या शनिवारी चारला सुरू होतात. दादांना घेऊन या, सोबत लेकीलाही आणा. मुलांसमोर गाऊ दे, आणि दादांना काय विचारायचं ते माझ्या बायकोला विचारू दे. हिशेब तिच्याकडे आहे.