यूकेमध्ये गॅस नसलेला फ्लॅट, इकॉनॉमी 7 आणि स्टोरेज हीटर – बिल कमी कसं करायचं?

सांगलीकर_लीड्स

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये लीड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, बिल्डिंगमध्ये गॅसची लाइनच नाहीये, हीटिंग, गरम पाणी, स्वयंपाक सगळं विजेवर. उन्हाळ्यात काही जाणवलं नाही पण नोव्हेंबरचं बिल बघून धस्स झालं.

टॅरिफ इकॉनॉमी 7 आहे, म्हणजे रात्रीचे 7 तास वीज स्वस्त. दिवसाचा दर 31 पेन्स, रात्रीचा 16 पेन्स. नोव्हेंबरच्या 30 दिवसात दिवसाचे 520 युनिट आणि रात्रीचे 310 युनिट झाले, म्हणजे 210 पाउंड 80 पेन्स, स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरलेला आकार) वेगळा. आणि एवढे पैसे भरून घर संध्याकाळी गारच असतं! हॉल आणि बेडरूममध्ये भिंतीला ते जाडजूड स्टोरेज हीटर आहेत, त्यांच्यावर इनपुट आणि आउटपुट अशी दोन बटणं. बिल वाढेल म्हणून इनपुट मी 2 वर ठेवलंय आणि आउटपुट फुल. सकाळी घर मस्त उबदार असतं पण 4-5 वाजेपर्यंत हीटर थंडगार, मग 6 ते 9 फॅन हीटर लावावा लागतो. गरम पाण्याच्या टाकीला दोन स्विच आहेत, एकावर बूस्ट लिहिलंय, तो रोज सकाळी 8 ला तासभर लावते. दुसरा कशाचा ते माहीत नव्हतं म्हणून बंद ठेवलाय.

आई आलीये सांगलीहून सहा महिन्यांसाठी, ती दिवसभर घरात असते, तिला थंडी सोसत नाही. त्यामुळे हीटिंग कमी करा हा सल्ला मला नकोय, तिला ऊब मिळालीच पाहिजे. कंपनी म्हणतेय साधा एकच दर घ्या, 25 पेन्स. घेऊ का? 7 तास नक्की कुठले तेही एजंटला सांगता येत नाहीये.

डोंबिवली_डर्बी

माझं मत, घेऊन टाका एकच दर. इकॉनॉमी 7 जुन्या काळची गोष्ट आहे, 1978 साली आलेली. तेव्हा कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करता यायची नाहीत, मागणी नसायची, म्हणून स्वस्त देत होते. आता इथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र पण सप्टेंबर 2024 मध्ये बंद झालं. तुमचेच आकडे घ्या, 830 युनिट गुणिले 25 पेन्स म्हणजे 207 पाउंड 50. आत्तापेक्षा तीन पाउंड कमीच, आणि रात्री-बेरात्री घड्याळ बघायची कटकट नाही.

तारयंत्र

थांबा ताई, एवढ्यात बदलू नका. मी ग्लासगोत इलेक्ट्रिशियनचं काम करतो, असे फ्लॅट आठवड्याला चार-पाच बघतो. डर्बीकर, तुमचा हिशोब बरोबर आहे पण तो हीटर चुकीचे वापरले तर काय होतं त्याचा हिशोब आहे.

आधी स्टोरेज हीटर म्हणजे काय ते सांगतो, कारण भाड्याच्या घरात हे कुणीच समजावून सांगत नाही आणि मग लोक वर्षानुवर्षं पैसे घालवत राहतात. त्या पेटीत जड विटा असतात, रचलेल्या, मध्ये कॉइल. रात्री स्वस्त दरात विटा तापतात आणि दिवसभर ती उष्णता सोडतात. आपल्याकडे चूल विझली तरी रात्री उशिरापर्यंत चुलीचा दगड गरम असतो ना, तेच तत्त्व. इनपुट म्हणजे रात्री विटांमध्ये किती उष्णता भरायची. आउटपुट म्हणजे वरची झडप किती उघडायची. आउटपुटने वीज कमीजास्त होत नाही, ती उष्णता कधी बाहेर सोडायची एवढंच ते ठरवतं.

आता तुमचं काय होतंय, इनपुट 2 म्हणजे विटा अर्ध्यामुर्ध्या तापतात, आणि झडप रात्रभर सताड उघडी, त्यामुळे तापता तापताच उष्णता बाहेर पडते. सकाळी सगळे पांघरुणात असताना घर गरम, आणि संध्याकाळी तुम्ही 31 पेन्सने फॅन हीटर लावता. फॅन हीटर 2 किलोवॅटचा असेल तर 3 तास म्हणजे रोज 6 युनिट, महिन्याला 180, म्हणजे 55 पाउंड 80 फक्त त्याचे. बूस्ट साधारण 3 किलोवॅटचा असतो, तासभर लावला की 3 युनिट, महिन्याला 90, ते 27 पाउंड 90. तुमच्या 520 दिवसाच्या युनिटांमधले 270 हे दोघंच खातात, आणि दोन्ही कामं रात्रीच्या दरात होऊ शकतात.

म्हणून असं करा. आउटपुट झोपायच्या आधी अगदी कमी, 1 वर. सकाळी पण कमीच ठेवा, बंद झडपेतूनही पेटीच्या अंगाने ऊब येतच राहते, आईंना तेवढी पुरेल बहुतेक, नाही पुरली तर त्या बसतात त्या खोलीतलाच थोडा वाढवा. दुपारी 3-4 नंतर उघडा. आणि इनपुट वाढवा, घाबरू नका, हॉलमधला 5 वर न्या. उद्या थंडी जास्त आहे असा अंदाज असेल तर आज रात्री वाढवायचा, जुन्या हीटरला उद्याचं हवामान कळत नाही, ते आपणच बघायचं. बेडरूममधला 3 पण चालेल. हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका, मी घराघरात बघतो हे, आग लागण्याचा खरा धोका आहे.

टाकीचा तो दुसरा स्विच म्हणजे खालचं इमर्शन (पाण्यात बुडालेली तापवायची कॉइल), रात्री पूर्ण टाकी तापवणारं. तो चालू करा, बूस्ट बंद. 120 लिटरची टाकी 10 अंशावरून 60 वर न्यायला साधारण 7 युनिट लागतात, रात्री 1 पाउंड 12 पेन्स, दिवसा 2 पाउंड 17. रोज पूर्ण टाकी संपत नाही, तेव्हा एवढंही लागणार नाही. थर्मोस्टॅट 60 च्या खाली आणू नका, लिजिओनेला नावाचे जंतू कोमट पाण्यात वाढतात. टाकीला जाड जॅकेट नसेल तर आधी ते घाला.

आणि एकच दर घ्यायचा असेल तर तुमच्या दरांना हिशोब सोपा आहे. रात्रीचा वापर 40 टक्क्यांच्या वर गेला की इकॉनॉमी 7 स्वस्त. तुमचा आत्ता 37 आहे. वरचं सगळं केलं तर 60 च्या पुढे जाईल. उलट एकच दर घेतलात तर हीटर त्या रात्रीच्या सर्किटवरच राहतील, रात्रीच तापतील, फक्त 16 ऐवजी 25 पेन्सने. हे कुणी सांगत नाही आणि मला त्याचा फार राग येतो.

रानजाई

तारयंत्र दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त आंघोळीचं लिहिते. तुमच्याकडे बाथरूममध्ये दोरी ओढून चालू होणारा इलेक्ट्रिक शॉवर असेल तर तो टाकीतलं पाणी वापरतच नाही, तिथल्या तिथे तापवतो, 9 किलोवॅटच्या आसपास असतो. 10 मिनिटं म्हणजे दीड युनिट, दिवसा 46 पेन्स. आम्ही चौघं असायचो, रोजचे जवळपास दोन पाउंड त्यातच. मग सासूबाई आल्या आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून बादली वापरली, नळाचं टाकीतलं गरम पाणी घेऊन. 20 लिटरची बादली 40 अंशाची म्हणजे जेमतेम 0.7 युनिट, रात्री तापलेलं असेल तर 11 पेन्स. आता आम्ही सगळेच बादली घेतो, मुलं सुद्धा. तुमच्या आईंना तर बादलीच बरी वाटेल.

7 तास कुठले ते मीटरवरूनच शोधा. आमच्याकडे रात्री 12:30 ते सकाळी 7:30 आहेत पण सगळीकडे तसेच नसतात. रात्री 12 ला आणि मग अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन्ही रीडिंगचे फोटो काढा, कुठलं रजिस्टर (मीटरवरचा दिवसाचा किंवा रात्रीचा आकडा) पुढे जातंय ते बघा. हे नक्की करा कारण आमच्या बाबतीत दिवसाचं आणि रात्रीचं रजिस्टर बिलात उलटं लागलं होतं, दीड वर्षं! फोटो होते म्हणून पैसे परत मिळाले. तक्रार केल्यावर 8 आठवड्यात कंपनीने सोडवलं नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (वीज-गॅसच्या तक्रारींसाठीची स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट असतं.

वॉशिंग मशीन डिलेवर लावून रात्री चालवा असं पण लोक सुचवतील, मी नाही सुचवणार. झोपेत असताना मशीन, ड्रायर चालवू नका असं इथली फायर ब्रिगेडच सांगते. त्यापेक्षा सकाळी 6 ला उठल्या उठल्या लावा, 7:30 च्या आत होतं.

कोथरूडचा

वाचून नवल वाटलं कारण आमच्याकडे बरोबर उलटं चालू झालंय. महावितरणने जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना, स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारा) मीटर असेल तर, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे सवलत दिली. कारण सोलर, दिवसा वीज भरपूर. त्यामुळे आम्ही गीझर सोडून बाकी सगळं, वॉशिंग मशीन, मिक्सरचं दळण, टाकीत पाणी चढवायची मोटर, स्कूटरचं चार्जिंग, दुपारी ढकललंय. 80 पैसे काही फार नाहीत, तुमच्यासारखा निम्मा दर नाही, पण घरातलं कुणी दुपारी घरी असेल तर सहज जमतं.

तारयंत्र

कोथरूडकर, इथेही नव्या स्मार्ट टॅरिफमध्ये दर अर्ध्या तासाला बदलणारे प्रकार आलेत, दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी 4 ते 7 सगळ्यात महाग. पण ताईंच्या जुन्या हीटरला ते जमणार नाही, त्यांना सलग तास लागतात.

ताई, एक राहिलं. मीटरशेजारी वेगळी काळी किंवा पांढरी डबी आहे का, रेडिओ टेलिस्विच लिहिलेली? ती बीबीसी रेडिओ 4 च्या लाँगवेव्ह सिग्नलवर चालायची, आणि तो सिग्नल जून 2025 अखेरपासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलाय. तशी डबी असेल तर लगेच कंपनीला सांगून मीटर बदलून घ्या, नाहीतर हीटर रात्री तापणारच नाहीत किंवा भलत्या वेळी तापतील. घरमालकाची वाट बघू नका, वीजबिल तुमच्या नावावर आहे तर तुम्ही सांगू शकता.

सांगलीकर_लीड्स

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डबी नाहीये, मीटरच्या आतच घड्याळ आहे. फोटो काढून बघितलं, 12:30 ते 7:30 च निघाले आणि रजिस्टर बरोबर आहेत. पहिल्या दोन रात्री इनपुट 5 वर ठेवताना हात थरथरत होता खरंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता हीटरला हात लावला तर गरम! फॅन हीटर फक्त त्या बर्फाच्या आठवड्यात चार दिवस लागला.

28 दिवसांचे दिवसाचे 265 युनिट, रात्रीचे 495. एकूण 161 पाउंड 35. आधी रोजचे 7 पाउंड पडायचे, आता 5 पाउंड 76, आणि थंडी नोव्हेंबरपेक्षा जास्त होती. रात्रीचा वापर 65 टक्के झाला. एकच दर घेतला असता तर याच युनिटांचे 190 झाले असते.

आई तशीही 5 ला उठते, तिची आंघोळ, चहा, आणि आमच्या डब्याच्या पोळ्या सगळं 7:30 च्या आत होतं. मी तिला त्यासाठी काही सांगितलं नव्हतं. रानजाई ताई, बादली विकत आणली, तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मीच शॉवर घे म्हणत होते.

दादा, मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे जातील तेव्हा मीटर जुन्याच वेळेवर राहील का?

तारयंत्र

बहुतेक राहील. मग तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाने स्वस्त वीज 1:30 ते 8:30 होईल, म्हणजे आईंच्या पोळ्यांना अजून तासभर मिळेल. पण खात्रीला त्या रविवारी रात्री परत फोटो काढा.